चांदपूरच्या तलावावर अर्धा दिवस



डिसेंबरात तीन दिवस बपेऱ्याला जाऊन आले. बपेरा म्हणजे भंडारा जिल्ह्याचे, तुमसर तालुक्याचे अगदी टोक. गावाजवळून बावनथडी नदी वाहते आणि पूल ओलांडला की मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागतो. नागपूरहून रेल्वेने तुमसर रोड, म्हणजे देव्हाडीचे स्टेशन, आणि तिथून एसटीने तुमसर, सिहोरा करत बपेरा. माझ्या फुफीचे सासर तिथले. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे जायचो, नदीच्या वाळूत पिकवलेली टरबुजे खायचो आणि पाण्यात पाय सोडून बसायचो. लग्नानंतर माझे जाणे शादी-मौतीपुरते राहिले.

या वेळी कारण तेच होते, फक्त उशिराचे. फुप्पांचा इंतकाल जुलैमध्ये झाला, ऐन रोवणीत. बांधीत परे लागलेले, निम्मे शेत रोवायचे राहिलेले, आणि ते गेले. मी जनाज्याच्या दिवशी जाऊन दुसऱ्या दिवशी परतले होते. घरात परीक्षा, आजारपण, नोकरी, जे सगळ्यांच्या घरात असते ते. फुफी इद्दतीत बसल्या आणि मी फोनवर त्यांची खैरियत विचारत राहिले.

इद्दतीचे दिवस भाभीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजले होते. चांद्र महिन्याच्या पहिल्या तारखेला मृत्यू झाला तर ४ महिने १० दिवस चंद्राच्या हिशोबाने मोजतात. मधल्या तारखेला झाला तर आपल्याकडे साधारण पूर्ण १३० दिवस धरतात. फुप्पा मधल्याच तारखेला गेले होते. नोव्हेंबर संपता संपता १३० पूर्ण झाले. भाभीने त्या तारखेभोवती गोल केला होता आणि त्या दिवशी गोड चावल केले होते. पण मी डिसेंबरात पोचले तेव्हा फुफी मागच्या खोलीतच होत्या. त्याच खाटेवर, त्याच खिडकीशी. अंगणात धान वाळत घातलेले, कोंबड्या त्यात शिरत होत्या, आणि त्या खिडकीतून हुसकावत होत्या. बाहेर येत नव्हत्या.

मी भाभीला विचारले, "इद्दत संपली ना?"

"संपली की. पण जायचं कुठे? कोणी म्हटलंच नाही."

हे मी नीट ऐकून घेतले. भाभी वाईट नाही. फुफीचा मुलगा, म्हणजे माझा भाऊ, आईवर जीव टाकतो. औषध, दूध, गरम पाणी, कशाला कमी नाही. कोणी फुफींना बसवून ठेवले नव्हते. फक्त उठा असे कोणी म्हटले नव्हते. गावातल्या एक-दोन वडीलधाऱ्या बायका येऊन बसायच्या आणि बोलून जायच्या की बेवा बाईला आता काय, अल्लाह अल्लाह करायचे. फुफी मान हलवायच्या.

पवित्र कुरआनातील सूरह बकराची २३४ वी आयत आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असते, निदान तिचा अर्धा भाग. विधवेने ४ महिने १० दिवस थांबावे, हा तो अर्धा. त्याच आयतीत पुढे असेही सांगितले आहे की मुदत पूर्ण झाल्यावर त्या बायकांनी स्वतःविषयी रीतीला धरून जे करावे त्याचा दोष तुमच्यावर नाही. हा दुसरा अर्धा कॅलेंडरवर कोणी लिहीत नाही. मुदतीची सुरुवात आम्ही डोळ्यांत तेल घालून पाळतो. कुंकवासारखी पद्धत आपल्यात नाही असे अभिमानाने सांगतो, आणि मग बाईला जन्मभर पांढऱ्या ओढणीत बसवतो. ती ओढणी शरीअतने दिली की शेजारपाजाऱ्यांनी, हे विचारत नाही.

सहीह मुस्लिममध्ये ह. जाबिर (रजि.) यांच्या खालाची हकीकत आहे. त्यांना तलाक झाला होता, इद्दत चालू होती, आणि त्यांना आपल्या खजुरीच्या झाडांची फळे उतरवायला जायचे होते. एकाने त्यांना बाहेर पडण्यावरून दटावले. त्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेल्या. त्यांनी खालांना जायची परवानगी दिली आणि सांगितले की त्यातून कदाचित तू सदका देशील किंवा काही भले काम करशील. तलाकच्या आणि मृत्यूच्या इद्दतीचे नियम वेगळे आहेत, त्यांचे बारकावे आलिमांनाच विचारावेत. माझ्या मनात राहते ती इतकीच गोष्ट की त्या बाईची बाग होती, बागेत काम होते आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले गेले. इद्दत चालू असतानासुद्धा.

रात्री जेवताना मी विषय काढला. भावाची तुमसरहून आणलेली जुनी जीप दारात उभी असते. म्हटले, उद्या गुरुवार, कुठेतरी जाऊ या, मुलांनाही सुट्टी काढू. भाऊ खूश झाला. त्याने नागझिऱ्याचे नाव घेतले, मग गायमुखचे. मुलांनी अंबागडचा किल्ला म्हटले, कारण शाळेतून नेणार म्हणून नेला नव्हता. अंबागड मलाही आवडला असता. देवगडच्या बख्त बुलंद शाहच्या काळात, १७०० च्या आसपास, त्याचा सुभेदार राजा खान पठाण याने तो बांधला. हा बख्त बुलंद म्हणजे इस्लाम स्वीकारलेला गोंड राजा, नागपूर शहर वसवणारा. पुढे भोसल्यांनी किल्ल्याचा तुरुंग केला. आपल्या मुलांना दिल्ली-आग्र्याचे बादशाह पाठ असतात आणि घराजवळच्या डोंगरावर कोणी दगड रचले ते माहीत नसते. पण तिथे पायऱ्या पुष्कळ, आणि फुफींचे गुडघे.

फुफी तोवर गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चांदपूर."

भाऊ म्हणाला, "अम्मी, चांदपूर तर इथंच आहे. तिथं काय पाहायचं?"

"मी कुठं पाहिलंय?"

ताटात हात तसाच ठेवून भाऊ आईकडे पाहत राहिला. ४० वर्षांहून जास्त संसार झाला त्यांचा या घरात. चांदपूर सिहोऱ्याजवळ. जीपने जायला फार वेळ लागत नाही. त्या कधीच गेल्या नव्हत्या.

इथे थोडे चांदपूरविषयी सांगते, म्हणजे फुफींनी तेच नाव का घेतले ते कळेल. सिहोरा परिसरात सातपुड्याच्या टेकड्या मैदानात उतरतात तिथे चांदपूरचा मोठा तलाव आहे. इंग्रज अमदानीत मातीचा बांध घालून तो केला. भंडारा जिल्हा तलावांचाच. गावोगावी कोहळी समाजाच्या हातांनी खोदलेले जुने मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना थोडक्यात मामा तलाव म्हणतात. चांदपूरचा तलाव त्यांच्याहून फार मोठा, नहर काढलेला. सिहोरा भागातले धान त्याच्यावर उभे राहते. पाऊस ओढ देतो तेव्हा तलाव भरत नाही, म्हणून सोंड्याटोला उपसा सिंचन योजना केली. बावनथडीचे पाणी पंपांनी वर उचलून चांदपूरच्या तलावात सोडतात. म्हणजे बपेऱ्याच्या बाजूने वाहणारी नदी चढ चढून टेकड्यांत जाते आणि नहराने पुन्हा खाली शेतात येते. फुफींच्या सासरचे शेत सिहोऱ्याच्या बाजूला, नहराच्या टोकाला. तिकडचे लोक त्याला टेल म्हणतात. टेलच्या शेतकऱ्याचा जन्म वरच्यांची बांधी भरण्याची वाट पाहण्यात जातो.

फुप्पांचाही गेला. सप्टेंबरात धान पोटरीत असते आणि पाऊस दडी मारतो, तेव्हा एक पाणी मिळाले तर पीक, नाही तर तणीस. मग फुप्पा कांबळे, टॉर्च आणि डबा घेऊन निघायचे. कधी गेट सुटेल की नाही हे विचारायला तलावावर, कधी रात्रभर नहरावर, मधे कोणी पाणी फोडू नये म्हणून. दोन-दोन रात्री घरी नसायचे. डबा फुफी करून द्यायच्या, अंगणाच्या फाटकापर्यंत जायच्या, आणि परत फिरायच्या. पुढचे सगळे त्यांना फुप्पांच्या बोलण्यातून माहीत. गेट कसे आहे, बांधावर वारा कसा लागतो, टेकडीवरून बिबट्याचा आवाज कसा येतो. त्या म्हणाल्या, "एवढ्या रात्री तिथं काढल्या त्यांनी. मला ती जागा बघू दे."

यावर कोणी काय बोलणार?

पण भाभी स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "दीदी, तिथे टेकडीवर हनुमानाचं मंदिर आहे. खूप मानतात लोक. आपण तीन बुरखेवाल्या जाणार. आजकाल..." तिने वाक्य सोडून दिले. वाक्य पूर्ण करायची गरज नव्हती, हे तुम्हालाही माहीत आहे. नागपूरच्या बागेत जाताना मीही हल्ली आधी आजूबाजूला पाहते. माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हते. मी म्हटले, मंगळवार-शनिवारी गर्दी असेल, उद्या गुरुवार आहे, आपण तलावावर बसू. भाऊ म्हणाला, त्या लोकांबरोबर अब्बा ३० वर्षे नहरावर बसले, मला कोण काय म्हणतंय. तो पुरुष आहे, त्याला असे वाटणे सोपे. भाभी काही बोलली नाही, पण तिने रात्रीच तांदळाच्या रोट्यांचे पीठ काढून ठेवले.

सकाळी साडेनऊला निघालो. जीपमध्ये भाऊ, भाभी, फुफी, मी आणि चार मुले. सोबत सुके चिकन, उकडलेली अंडी, लिंबाचे लोणचे, शिंगाड्यांची पिशवी, पाण्याचे दोन कॅन, मग आणि फुप्पांचे ते कांबळे. कांबळे फुफींनी स्वतः काढले. भाभीने चटई काढली होती, ती राहिली घरीच.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या. काही ठिकाणी मळणी चालू, काही ठिकाणी धानाच्या पोत्यांचे ढीग. फुफी खिडकीशी बसल्या होत्या आणि सारखे विचारत होत्या, हे कोणाचे, ते कोणाचे. सिहोरा गेल्यावर टेकड्या जवळ येऊ लागल्या. सागाची मोठाली पाने वाळून लोंबत होती. मुले माकडे मोजत होती, सतरावर भांडण झाले.

तलाव एकदम दिसत नाही. आधी बांध दिसतो, गवत उगवलेल्या लांब भिंतीसारखा. चढून वर गेले की पलीकडे पाणी. डिसेंबरात सकाळी अजून हलके धुके होते, आणि पलीकडच्या टेकड्या पाण्यात उलट्या पडल्या होत्या. मी पुष्कळ जागा पाहिल्या आहेत. महाबळेश्वर पाहिले, उटीही पाहिली. चांदपूर त्यांच्यापुढे छोटे आहे, इथे पॉइंट नाहीत की घोडे नाहीत. अर्ध्या दिवसात पाहून होते. सोयी म्हणाल तर मोजक्याच, आणि बायकांनी हे गृहीत धरून निघावे. निघण्यापूर्वी आणि वाटेत ओळखीच्या घरी थांबून गरज उरकून घ्यावी. आम्ही सिहोऱ्यात तेच केले. खाणे-पिणे घरून न्यावे. कचरा पिशवीत भरून परत आणावा. आणि मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. तलावाचा काठ नदीसारखा हळूहळू खोल होत नाही, खाली गाळ असतो, पाय रुतला की निघत नाही. आमच्या भावाने पोरांना बांधावर एक रेघ आखून दिली आणि सांगितले की रेघेपलीकडे गेलेला पुढच्या ईदला ईदी मागणार नाही. रेघ पाळली गेली.

टेकडीच्या पायथ्याशी नारळ, फुले, चहा विकणारी दोन-तीन दुकाने होती. आम्ही उतरलो तेव्हा एका दुकानातली बाई उठून उभी राहिली. भाभीने माझा हात धरला. ती बाई पुढे आली आणि फुफींकडे न पाहता भावाकडे बघून म्हणाली, "तुम्ही बपेऱ्याच्या चाचाचे ना? चाचा गेले म्हणे." मग फुफींकडे वळली. "या चाची का? चाचा इथंच चहा घ्यायचे. रात्री गेटवर असले की माझा नवरा डबा घ्यायचा त्यांच्यातला." थोडा वेळ ती आणि फुफी नुसत्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मग तिने चहा ठेवला. पैसे घेतले, आणि मला ते बरे वाटले. फुकट चहा पाजला असता तर आम्ही पाहुणे झालो असतो.

सगळे असेच झाले असे सांगून तुम्हाला खोटे समाधान देणार नाही. थोड्या वेळाने मोटारसायकलवर आलेल्या काही पोरांनी आमच्याकडे पाहून आपसांत काही म्हटले आणि हसली. काय म्हटले ते ऐकू आले नाही. भाभीने ऐकले असावे, तिने नकाब खाली ओढला. पोरे वर मंदिराकडे निघून गेली. आम्ही बांधावर आमच्या जागी बसून राहिलो. तो तलाव सरकारी आहे, पाणी सगळ्यांच्या शेतात जाते, आणि आमच्या घरातला एक माणूस आयुष्यभर त्याची राखण करत आला होता.

फुफींनी कांबळे गेटच्या बाजूला पसरायला सांगितले. डिसेंबरात गेट बंद होते. लोखंडाची चाके, गंज चढलेला दांडा, खाली कोरडा नहर. भाऊ सांगू लागला, इथून चाक फिरवतात, इतके फूट उघडले की इतके पाणी, मग मोठ्या नहरातून वितरिकेत, वितरिकेतून आपल्या आउटलेटला. फुफी म्हणाल्या, "माहीत आहे." आणि पुढचे त्यांनीच सांगितले. कोणत्या वळणावर नहर फुटतो, कोणते गाव रात्री पाणी वळवते, कोणत्या साली लोकांनी गेटवर दोन दिवस ठाण मांडले होते. भाऊ ऐकत राहिला. त्यातले निम्मे त्यालाही माहीत नव्हते. जी बाई फाटकापलीकडे गेली नाही, तिच्या डोक्यात सगळ्या नहराचा नकाशा होता. फक्त एकदा त्या चुकल्या. त्यांना वाटायचे गेट डाव्या हाताला आहे. "ते उलटे बसून सांगत असतील," असे म्हणून हसल्या. जुलैनंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिले.

मुलांना घेऊन मी टेकडीचा थोडा चढ चढून आले. पायऱ्यांनी मंदिरापर्यंत गेलो नाही, बाजूच्या वाटेने तलाव दिसेल तिथपर्यंत. वरून कळते की हा तलाव म्हणजे टेकड्यांच्या ओंजळीत धरलेले पाणी आहे. माणसाने फक्त एका बाजूची बोटे जुळवली. दूरवर पाण्यात बदकांचे काळे ठिपके होते. हिवाळ्यात बाहेरची बदके इकडच्या तलावांवर उतरतात. भावाचा मोठा मुलगा म्हणाला, सारस दिसेल का? मी म्हटले, सारस तलावापेक्षा धानाच्या बांधीत दिसायची शक्यता जास्त, आणि आता महाराष्ट्रात ते मुख्यत्वे शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात थोडेसे उरलेत. त्याला खूप राग आला, का उरले नाहीत म्हणून. मला सविस्तर सांगता आले नाही. विजेच्या तारा, शेतातली औषधे, अंडी पळवणे, एवढे सांगितले.

जोहरची वेळ झाली. कॅनमधल्या पाण्याने मगाने वजू केला. तलावाचे पाणी पाक आहे, पण निसरड्या काठावर वाकून वजू करायची हौस कोणी करू नये. भाऊ आणि मुलांनी थोड्या अंतरावर जमात केली. आम्ही तिघींनी आडोशाला आपापली नमाज पढली. माझ्या दोन रकअती झाल्या आणि मी सलाम फेरला, तशी भावाची मुलगी ओरडली, "दादी, आत्याने अर्धीच पढली!"

मग तिला सांगावे लागले. मी नागपूरहून आले, शंभराहून जास्त किलोमीटर. हनफी मस्लकात साधारण ७७ किलोमीटरच्या सफरीला निघालेला मुसाफिर ठरतो, आणि १५ दिवसांहून कमी राहायचा इरादा असेल तर चार फर्जाच्या दोन होतात. फुफी आणि भाभी मुकीम, त्यांच्या चारच. मी अब्बांच्या मागे जमातीत उभी राहिले असते तर मलाही चार पढाव्या लागल्या असत्या. तिने विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे दादी सफरला आली, पण तिची सफर झाली नाही?" फुफी तसबीह फिरवत होत्या. म्हणाल्या, "झाली बेटा. हिशोबात धरली नाही एवढंच."

जेवण झाले. बांधावरच्या वाऱ्यात रोट्या वातड झाल्या तरी एक उरली नाही. शिंगाडे सोलताना मुलांचे ओठ टोचले. दोन वाजता आवराआवर केली. मला वाटले आता घर. पण फुफी जीपमध्ये बसताना म्हणाल्या, "नहराच्या रस्त्याने चला."

"अम्मी, तो रस्ता खराब आहे."

"ते सायकलने जायचे."

नहराच्या कडेने आम्ही हळूहळू खाली आलो. जीप उड्या मारत होती, गुडघ्यांची काळजी मला होती, त्यांना नव्हती. कुठे अस्तर फुटलेले, कुठे नहरात झुडपे वाढलेली. फुफी बोटाने दाखवत होत्या, इथे फुटतो, बघ. शेवटी वितरिका बारीक होत होत एका सिमेंटच्या चौकटीपाशी संपली, आणि त्यापुढे आमचे शेत.

धान निघून गेले होते, पण शेत हिरवे होते. धान उभे असतानाच ओलीत लाखोरी टाकतात, ती कापणीनंतर वर येते. ज्याच्याकडे या वर्षी शेत ठेक्याने दिले होते तो मजूर बायकांसोबत पलीकडच्या बांधीत होता. त्याला मालकीणबाई येतील असे स्वप्नातही नसावे. धावत आला, रूमाल झटकून धुऱ्यावर टाकला. फुफी बसल्या नाहीत. त्यांनी लाखोरीचे चार शेंडे खुडले, चावून पाहिले, आणि विचारले, "किती पोती झाली?"

त्याने आकडा सांगितला. भावाने मान हलवली, त्याला तो ठाऊक होता. फुफी म्हणाल्या, "बांध्या किती रोवल्या होत्या?" त्याने सांगितले. मग त्यांनी मनातल्या मनात काही जुळवले आणि आणखी तीन प्रश्न विचारले. शेवटच्या प्रश्नाला तो माणूस गोंधळला. भाऊ आईकडे पाहू लागला. तो हिशोब मी इथे मांडत नाही, ते घरचे आहे. फक्त एवढे लिहिते की सातबाऱ्यावर अजून फुप्पांचेच नाव होते, वारसांची फेरफार नोंद करायची राहिली होती, आणि "अम्मीला कुठे तलाठ्याकडे नेऊ, अंगठा घरीच घेऊ" असे ठरले होते. फुफी चौथी शिकलेल्या आहेत. त्या सही करतात.

भगिनींनो, मुले असतील तर बेवा पत्नीचा आठवा हिस्सा कुरआनने ठरवलेला आहे, सूरह निसाच्या १२ व्या आयतीत. कोणी आपुलकीने देण्याची ती वस्तू नाही. पण आपला हिस्सा कुठल्या बांधीपासून कुठल्या बांधीपर्यंत हे पाहिलेलेच नसेल, तर तो कागदावरही दुसऱ्याच्याच हाताने येतो. माझा भाऊ बेईमान नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्याला आईला त्रास द्यायचा नव्हता. आपल्या घरांत बायकांचे बरेचसे नुकसान अशाच मायेने होते, आणि त्याची तक्रारही करता येत नाही.

असरची वेळ होत आली होती. धुऱ्यावर मजूर बायकांनी फुफींभोवती घोळका केला. त्यातल्या एकीने फुप्पांच्या शेवटच्या रोवणीत काम केले होते. तिने सांगितले, त्या दिवशी चाचा इथे, या बांधीच्या कोपऱ्यावर बसले होते, परे उपटणाऱ्यांना हसवत होते, दुपारी म्हणाले छातीत भरून येतंय. फुफींनी ती जागा पाहिली. जाऊन उभ्या राहिल्या. हात उचलून दुआ मागितली. आम्ही मागे थांबलो. मजूर बायकाही थांबल्या, एकीने डोक्यावर पदर घेतला.

परतताना फुफींच्या मांडीवर लाखोरीच्या भाजीचे गाठोडे होते. बपेऱ्याला पोचलो तेव्हा नदीच्या पुलावर दिवे लागत होते आणि मगरिबची अजान झाली. दारात शेजारची एक वडीलधारी बाई बसली होती. तिने विचारले, "कुठे गेलं होतं सगळं घर?"

भाभी उत्तर शोधू लागली. फुफी जीपमधून उतरता उतरता म्हणाल्या, "शेतावर."

रात्री भाजी निवडताना त्यांनी भावाला विचारले की तलाठी सिहोऱ्याला कोणत्या दिवशी बसतो.